दुसऱ्या साक्षीदाराचं निवेदन

“बाबू, माजा कागद कुठवर आला?”

नायक गेनू ढेबे ऑफिसच्या दारात उभा होता. आत ये म्हटलं तरी तो कधी आत यायचा नाही. बुटाला चिखल आहे म्हणायचा. एकवीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढून त्याच्या तळहातांना असे घट्टे पडले होते, की उकळत्या चहाचा मग तो कान सोडून सरळ मुठीत धरायचा.

“चाललंय की,” मी टाईपरायटरवरून मान वर न करता म्हणालो. “मोठमोठ्या सह्या लागतात, ढेबे. कागद म्हणजे काय खेचर आहे, दोन फटके दिले की निघालं?”

तो हसला. “न्हाय, बावीस तारखंला माजी गाडी हाय म्हनून इचारलं.”

“ठाऊक आहे मला. तुझी रवानगीची ऑर्डर मीच टाईप केलीय.”

“मंग झालं तर. तुमच्या हातात हाय म्हनल्यावर मला कसली काळजी?”

असं म्हणून तो गेला, आणि मी ज्या ओळीवर होतो ती ओळ दोनदा टाईप केली.

या गोष्टीला सदतीस वर्षं झाली. आमची मराठा पलटण तेव्हा उत्तरेकडच्या डोंगरात होती. हेडक्वार्टर खाली दरीत आणि कंपन्या वर चौक्यांवर. मी हवालदार क्लार्क, शिवलिंग तोडकर, राहणार तालुका तासगाव. कर्नलसाहेबांच्या, म्हणजे सी.ओ. साहेबांच्या टेबलावर जाणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावरून जायचा. त्यामुळे हुद्दा हवालदाराचा असला तरी रुबाब सुभेदाराचा होता. दुश्मनाची गोळी चुकवता येईल, तोडकर बाबूची क्वेरी चुकायची नाही, असं जवान माझ्या पाठीमागे म्हणत. मला ते ऐकू यायचं आणि आवडायचंही.

गेनूचा कागद म्हणजे त्याच्या नावाची शिफारस. आर्मी कमांडरचं कमेंडेशन कार्ड त्याला मिळावं, अशी ती शिफारस त्याच्या कंपनी कमांडरनं, मेजर कुरियनसाहेबांनी केली होती. जवान त्याला नुसतं ‘कार्ड’ म्हणतात. सहीचा एक कागद आणि छातीवर लावायचा बोटभर बिल्ला, एवढंच असतं ते. पण कार्ड ज्याला मिळतं त्याचं नाव परेडवर, सगळ्या पलटणीसमोर, नंबर आणि हुद्द्यासकट मोठ्यानं वाचलं जातं.

गेनूला हवं होतं ते एवढंच. त्याचा धाकटा भाऊ विठू याच पलटणीत शिपाई होता. नऊ वर्षांपूर्वी तो रजेवर गेला आणि परत आलाच नाही. रीतीप्रमाणे चौकशी झाली आणि एका सोमवारी परेडवर नाव वाचलं गेलं : शिपाई विठू ढेबे, भगोडा. गेनू तेव्हा दुसऱ्या रांगेत सावधान उभा होता. त्या दिवसापासून पोरांना एक खेळच मिळाला. गेनू रजेवर निघाला की कुणीतरी ओरडायचंच, “ढेबे, येनार न्हवं रं परत?” गेनू म्हणायचा, “दोन्हीकडचं तिकीट काडलंय.” नऊ वर्षं तो प्रत्येक रजेला तेच उत्तर द्यायचा आणि प्रत्येक रजेवरून एक दिवस आधी परत यायचा.

शिफारशीची बातमी लागली तेव्हा तो पहिल्यांदा माझ्या दारात आला होता. म्हणाला, “एकदा ढेबे म्हनून नाव वाचलं ते तसं वाचलं, बाबू. आनखी एकदा बरं वाचलं जावं. म्या ऐकायला नसलो तरी चालंल, मी पेन्शनीत असनार. पलटनीनं ऐकावं.”

पंधरा ऑगस्टच्या यादीसाठी पलटणीची नावं पंचवीस एप्रिलपर्यंत ब्रिगेडला पोचायला हवी होती. गेनू दारात उभा राहून गेला त्या दिवशी बारा तारीख होती. कागद कुठवर आला होता हे मला चांगलं ठाऊक होतं. तो माझ्याच टेबलाच्या खालच्या खणात होता, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

दोनच दिवसांनी वरच्या चौकीवरून मेजर कुरियनसाहेबांचा फोन आला. हा केरळचा साहेब. मराठा पलटणीत बारा वर्षं काढलेली आणि मराठी शिकला तो जवानांकडून, त्यामुळे बोलायचा ते थेट आमच्या बांधावरचं.

“काय रं तोडकर, ढेबेचा कागद सी.ओ. साहेबांम्होरं ठिवला का न्हाय?”

“सर, एक-दोन गोष्टी अपुऱ्या आहेत.”

“पैल्यांदा म्हनलास तारीख जुळत न्हाय. म्या तारीख लिवून धाडली. मग म्हनलास नकाशातला आकडा चुकला. त्यो बी बरोबर केला. आता काय ऱ्हायलं?”

“दुसऱ्या साक्षीदाराचं निवेदन, सर. दोन साक्षीदार लागतात. एक आपण.”

साहेब म्हणाले, “आरं, दुसरा साक्षीदार तूच हायस की!”

“होय सर. लिहितोय.”

“चार वळी लिवायला तुला इतकं दिस लागतात व्हय? त्या मानसानं तुला बर्फातनं जित्ता आनला. आठरा तारखंला म्या कोर्सला चाललोय. त्याच्या आत लिव.”

“होय सर,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

आता काय झालं होतं ते सांगतो. सांगायला नको वाटतं, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मार्च महिन्यात मी वरच्या चौकीवर गेलो होतो. जवानांच्या वारसांच्या नोंदी बारा वर्षांत कुणी तपासल्या नव्हत्या. कुणाची आई वारली होती, कुणाचं लग्न होऊन पोरं झाली होती, आणि कागदावर मात्र जुनीच नावं. मी पत्र्याच्या पेटीत मूळ कागद घेऊन गेलो, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले आणि चार दिवसांत काम उरकलं. पाचव्या दिवशी मला खाली यायची घाई झाली. माझी रजा मंजूर होती; ती पुढे राहूनच गेली. गेनू तार दुरुस्त करायला तिथंच आला होता. तो म्हणाला, “आबाळ बरं दिसत न्हाय, बाबू. उद्या जाऊ.” मी म्हणालो, “तुला यायचं नसेल तर राहा.” मी हवालदार, तो नायक. तो माझ्याबरोबर निघाला.

मधली चौकी चार तासांवर होती. अर्ध्या वाटेत वारा सुटला आणि बघता बघता समोरचं सगळं पांढरं झालं. वाट गेली, डोंगर गेला, स्वतःचे बूट दिसेनात. गेनूनं तेव्हा काय केलं असेल, तर आपणच टाकलेली टेलिफोनची तार शोधून काढली. खांब बर्फाखाली गेले होते. तो गुडघ्यावर बसून हातांनी उकरायचा, तार सापडली की ती मुठीत धरून पुढे सरकायचा आणि मला मागून ये म्हणायचा. तास झाला, दीड तास झाला. मग मी बसलो.

दमून बसलो असं मी पुढे स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं, पण ते खरं नाही. मी हरलो. पेटी फेकून दिली आणि बर्फात बसून आईच्या नावानं रडायला लागलो. तू जा म्हणालो, मला इथं झोपू दे म्हणालो. चौतीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप. गेनूनं मला उठवलं. कसं, ते आम्हां दोघांनाच ठाऊक. मग त्यानं उताराला घरंगळलेली पेटी शोधून पाठीला बांधली, माझ्या पट्ट्यात दोर अडकवून त्याचं टोक आपल्या कमरेला घेतलं आणि तार धरून मला ओढत मधल्या चौकीवर आणलं. कुरियनसाहेब तेव्हा तिथं होते. पाठीवर पेटी घेतलेला गेनू आणि त्याच्या मागं दोराला बांधलेला मी, हे त्यांनी दारात उभं राहून पाहिलं. माझं रडणं मात्र त्यांनी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं खाली हेडक्वार्टरला आलो. शेवटच्या वळणावर गेनू थांबला आणि पेटी पाठीवरनं उतरवून माझ्यासमोर धरली.

“घ्या. तुमची पेटी तुमीच न्या. बाबू रिकाम्या हातानं आला, आसं दिसाया नगं.”

मी घेतली. खांद्यावर पेटी, गालावर बर्फानं काळा पडलेला डाग, असा मी ऑफिससमोर पोचलो तेव्हा सी.ओ. साहेब बाहेरच उभे होते. त्यांनी मला मिठी मारली. आणि शनिवारच्या सैनिक संमेलनात मला सगळ्या पलटणीसमोर उभं करून म्हणाले, “देखो इसको. बाबू है, बाबू! तूफान में जान जा रही थी, मगर जवानों के घरवालों के कागज़ नहीं छोड़े.” टाळ्या पडल्या. मागच्या ओळीत गेनूही टाळ्या वाजवत होता. त्या क्षणी एक वाक्य बोललो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण माणसाला खोटं बोलायला जितकं धैर्य लागतं, त्याहून पुष्कळ कमी गप्प बसायला लागतं. मी गप्प बसलो.

पुढच्या सोमवारी साहेबांनी मला बोलावलं आणि सांगायला सुरुवात केली, “टाईप करो. हवालदार क्लार्क शिवलिंग तोडकर...” माझ्या कार्डाची शिफारस होती ती. माझी स्तुती मी माझ्या हातांनी टाईप केली, स्पेलिंगची एकही चूक न करता. पेटी मी पाठीवर वाहून आणली, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पाच एप्रिलला तो कागद साहेबांच्या सहीनं ब्रिगेडला गेलासुद्धा.

कुरियनसाहेबांची शिफारस माझ्याकडे आली ती त्याच आठवड्यात. तिच्यात लिहिलं होतं, की पेटी नायक ढेबेनं आणली, आणि चालता न येणाऱ्या एका इसमालाही आणलं. एकच पेटी, आणि दोन कागदांवर दोन पाठी. दुसरा कागद सी.ओ. साहेबांसमोर ठेवला असता तर त्यांनी पहिलं काय केलं असतं? मला आत बोलावून पेटी कुणी आणली ते विचारलं असतं. नायब सुभेदारीच्या यादीत माझं नाव होतं. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलेल्याला बीळ सोडवत नाही. मी तो कागद खणात ठेवला आणि क्वेऱ्या काढत बसलो.

अठरा तारखेला कुरियनसाहेब कोर्सला गेले. जाताना पुन्हा फोनवर म्हणाले, “तुज्यावर सोडून चाललोय.” निवेदनाचा कागद मी मशीनवर चढवला होता. ‘मी खाली सही करणार, साक्षीदार क्रमांक दोन’ एवढी एक ओळ त्यावर रोज सकाळी दिसायची आणि संध्याकाळी मी तो उतरवून ठेवायचो.

बावीस तारीख उजाडली.

पेन्शनीत जाणाऱ्या जवानाची सी.ओ. साहेब शेवटची मुलाखत घेतात. त्याचं एक रजिस्टर असतं आणि त्यात शेवटचा रकाना असतो : अर्ज किंवा तक्रार. तो रकाना आम्ही आदल्या दिवशीच भरून ठेवत असू. ‘नाही’ असं टाईप करून. कारण एकवीस-बावीस वर्षं नोकरी करून घरी निघालेला जवान साहेबासमोर उभा राहून तक्रार सांगतो, असं पलटणीत कधी झालंच नव्हतं. विचारायची रीत होती आणि नाही म्हणायची रीत होती. गेनूच्या नावासमोरचं ‘नाही’ मीच टाईप केलं होतं.

साडेआठला तो आत आला. कडक इस्त्री, चमकवलेले बूट. माझ्या देखत पहिल्यांदाच तो ऑफिसचा उंबरा ओलांडत होता. मी रजिस्टर घेऊन साहेबांच्या डाव्या हाताला उभा होतो.

“ढेबे, इक्कीस साल,” साहेब म्हणाले. “शाबाश. कोई अर्ज़? कोई तकलीफ़?”

गेनूनं माझ्याकडे पाहिलं. अगदी पळभर. वाटलं, तो विचारील, ‘साहेब, माझ्या कागदाचं काय झालं?’ आणि साहेब माझ्याकडे वळतील. विचारावं असंही कुठंतरी वाटत होतं, हे मी आज खोटं सांगत नाही. विचारलं असतं तर मी सुटलो असतो.

“नहीं, साब.”

साहेबांनी सहीसाठी पेन उघडलं. “बाबू, इसका कोई कागज़ पेंडिंग?”

हा प्रश्नही रीतीचाच होता.

“नहीं, सर,” मी म्हणालो. “कुछ पेंडिंग नहीं.”

साहेबांनी सही केली, उठून गेनूशी हात मिळवला. गेनू सलाम करून बाहेर पडला.

दहा वाजता गाडी होती. गेनूच्या कंपनीतल्या पोरांनी रंगीत कागदाच्या फुलांचा हार केला होता, कारण त्या उंचीवर एप्रिलात फूल मिळत नाही. देवळात नारळ फुटला, कपाळाला गुलाल लागला, शिवाजी महाराजांचा जयजयकार झाला. कुणीतरी ओरडलं, “ढेबे, येनार न्हवं रं परत?” सगळे हसले. गेनूही हसला, पण या वेळी उत्तर दिलं नाही. ट्रंक गाडीत चढवून झाल्यावर त्यानं मला खुणेनं गाडीच्या मागच्या अंगाला बोलावलं.

“बाबू, एक बोलायचं व्हतं. कवाधरनं धीर व्हत न्हवता.”

“बोल की.”

“त्यो कागद तुमच्या खनात हाय न्हवं?”

मी ऑफिसच्या दाराकडे पाहिलं.

“परवा तुमच्या फोनची तार तुटल्याली. तुमी जेवाया गेल्ता, म्या टेबलाखाली शिरलो. खन उगडा व्हता. इंग्रजी मला कुटलं येतंय, पन सोताचा नंबर वळकू येतो की मानसाला.”

“ढेबे, ऐक...”

“न्हाय, तुमी ऐका. मला आदी राग आला. खोटं कशाला बोलू? रातभर इचार केला. मंग ध्यानात आलं, तुमी त्यो का दाबून ठिवलाय.”

मी घाबरलो. कळलं याला, असं वाटलं. आणि खरं सांगतो, त्या भीतीत थोडी सुटकाही होती.

गेनूनं इकडं-तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “वर बर्फात म्या तुमच्यावर हात उचलला. येकदा न्हाय, दोनदा. कानाखाली. तुमी उठतच न्हवता, दुसरा विलाज न्हवता, पन उचलला त्यो उचलला. तुमी हवालदार, म्या नायक. साक्ष लिवायची म्हंजी समदं खरं लिवाय लागतंय. आन ते लिवलं तर कार्ड ऱ्हायलं बाजूला, वरिष्ठाला मारलं म्हनून माजंच कोर्ट मार्शल. म्हनून तुमी लिवत न्हाय. आज साहेबाम्होरं बी माज्यापायी खोटं बोललात. म्या बगितलं न्हवं, तुमचं त्वांड कसं पडलं व्हतं ते.”

त्याच्या हारातला एक निळा कागद वाऱ्यानं फडफडत होता.

“ऱ्हाऊ द्या त्यो कागद,” तो म्हणाला. “नाव न्हाय वाचलं तर न्हाय. म्या पळून न्हाय चाललो, गळ्यात हार घालून चाललोय. तेवडं लई झालं. तुमी मातर मला माफी करा. आपल्या मानसावर हात टाकला, ह्ये काय मनातनं जाईना.”

मला बोलायची होती ती वाक्यं मोजून तीन होती. ‘त्या थपडांनी मी जगलो. कागद मी तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी दाबलाय. अजून तीन दिवस आहेत.’ पुढच्या सदतीस वर्षांत ही तीन वाक्यं मी किती वेळा म्हटली असतील त्याला गणती नाही. त्या वेळी तोंडातून निघालं ते असं :

“असू दे, ढेबे. मनाला लावून घेऊ नकोस.”

म्हणजे मी त्याला माफ केलं.

त्याचे डोळे भरून आले. तो खाली वाकला आणि त्यानं माझ्या बुटांना हात लावला. माझ्याहून चार वर्षांनी मोठा माणूस. आमच्याकडे मोठा माणूस वाकायला लागला तर लहान्यानं झटकन पाय मागे घ्यावेत, खांद्याला धरून त्याला उठवावं, ही रीत शेंबड्या पोरालाही कळते. मी पाय मागे घेतले नाहीत. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि गेनू गाडीत चढला.

ब्रिगेडची डाक दुसऱ्या दिवशी सकाळी सुटायची. निवेदन टाईप करायला अर्धा तास लागला असता. मी मशीनसमोर बसलोही. आणि मग मला गेनूचेच शब्द आठवले, राहू द्या तो कागद. ते मी पकडून ठेवले. लिहिलं आणि थपडेची गोष्ट खरंच बाहेर आली तर? बिचाऱ्याची पेन्शन जाईल. त्यानंच नको म्हटलंय. थपडा सोडून बाकीचं लिहिता आलं असतं, कुरियनसाहेबांना तेवढंच हवं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण गेनूनं जाता जाता मला एक चांगलं कारण देऊन ठेवलं होतं आणि इतकं चांगलं कारण मला स्वतःला कधीच सुचलं नसतं. तेवीस तारीख गेली, चोवीस गेली, पंचवीस गेली.

अठ्ठावीसला मी निवेदन लिहिलं. अगदी मोघम. ‘वादळात नायक ढेबे यांनी आम्हांस सुखरूप आणले.’ पेटीचा उल्लेख नाही. कुरियनसाहेबांचा मजकूरही ‘संक्षेपासाठी’ मी छाटला आणि सी.ओ. साहेबांपुढे तो तीस कागदांच्या गठ्ठ्यात मधोमध ठेवला. त्यांनी न वाचता सही केली. कागद ब्रिगेडला गेला, तो पाठवलाच नाही असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून. दहा दिवसांत परत आला. ‘मुदतीनंतर प्राप्त. संबंधित इसम पेन्शनीत गेला आहे. प्रकरण बंद समजावे.’ असाच तो येणार हे मला पाठवतानाच माहीत होतं. इतकी वर्षं मी दुसरं काय केलं होतं?

जूनमध्ये कुरियनसाहेब कोर्सवरून परतले आणि पहिल्याच दिवशी माझ्याकडे आले. मी फाईल पुढे केली. त्यांनी ब्रिगेडचं उत्तर वाचलं, तारखा पाहिल्या. मग खाली लागलेली, पाच एप्रिलला गेलेल्या माझ्या शिफारशीची प्रत त्यांनी उघडली आणि तीही सावकाश वाचली. फाईल मिटून माझ्या टेबलावर ठेवली.

“तुजा कागद बरा येळंवर पोचला रं,” एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता हा साहेब सी.ओ. साहेबांकडे जाणार. ते गेले नाहीत. गेलेल्या माणसासाठी आता भांडून काय मिळणार, असं त्यांना वाटलं असेल. नाहीतर मी त्यांना तेवढ्याही लायकीचा वाटलो नसेन. त्यानंतर पलटणीत होते तोवर ते माझ्याशी हिंदीत बोलत राहिले.

पंधरा ऑगस्टला परेडवर कार्डांची यादी वाचली गेली. हवालदार क्लार्क शिवलिंग तोडकर. मी चार पावलं पुढे गेलो, साहेबांनी बिल्ला लावला, टाळ्या पडल्या. सप्टेंबरात नायब सुभेदारीही आली.

त्याच महिन्यात गेनूचं पोस्टकार्ड आलं. जावळी खोऱ्यातल्या कुठल्याशा वाडीचा शिक्का, पेन्सिलनं लिहिलेली मोठी-मोठी अक्षरं. ‘तोडकर बाबूंना गेनू ढेबेचा रामराम. आपल्या कंपनीतल्या पोराने पत्रात कळवले की पंधरा ऑगस्टला तुमचे नाव वाचले. ऐकून डोळ्यांत पाणी आले. वाडीत घरोघरी सांगितले, की ज्या बाबूने माझी अब्रू आणि पेन्शन वाचविली त्याचे नाव पलटणीसमोर वाचले. आम्हां दोघांत एकाचे तरी वाचले, मला माझेच वाचल्यासारखे वाटले. तुमची थोरवी मी विसरणार नाही. इकडे कधी आलात तर गरिबाची भाकरी खाऊन जा.’

मी कधी गेलो नाही. गेनूला जाऊनही आता अकरा वर्षं झाली.

त्या पोस्टकार्डाला मात्र मी त्याच दिवशी उत्तर पाठवलं. आलेल्या पत्राला त्याच दिवशी पोच द्यायची माझी शिस्त होती. ‘पत्र मिळाले. आभारी आहे,’ असं लिहिलं, खाली सही केली आणि सवयीनं सहीखाली नवा हुद्दाही घातला.